आबांची सायकल, पोराची फॅशन आणि तुमचा उडालेला नाद

पत्र

ताई, नमस्कार. माझं वय ४९. फुलेवाडीत राहतो, उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. २०२० च्या लॉकडाउननंतर सायकलीची लाट आली तेव्हा मीही हप्त्यावर रेसिंगची सायकल घेतली. ग्रुप जमला. पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर भेटायचं, पन्हाळा नाहीतर कागलपर्यंत मारायची आणि घरी आल्यावर मोबाइलवर कुणाचा किती स्पीड ते बघायचं. तेव्हा सगळे म्हणायचे, टायर जेवढं बारीक तेवढं चांगलं, हवा दगडासारखी टाइट पाहिजे. आता तीच मंडळी जाड टायरच्या, स्टीलच्या फ्रेमच्या ग्रॅव्हल (खडीच्या-मातीच्या वाटेवरही चालणाऱ्या) सायकली घेताहेत आणि माझ्या सायकलीकडे बघून 'ही जुनी झाली, बदला' म्हणताहेत. दीड लाख बाजूला ठेवलेत, पण हात धजत नाही. उद्या परत बारीक टायर आलं तर?

दुसरं असं की माझे वडील, आम्ही आबा म्हणायचो, शाहू मिलमध्ये होते. त्यांची चोवीस इंची काळी सायकल माळ्यावर पडून आहे. कॉलेजला असताना मला त्या सायकलीची लाज वाटायची. आता माझा वीस वर्षांचा मुलगा म्हणतो, ती खाली काढू, मडगार्ड-कॅरिअर कापून टाकू, पिवळा रंग देऊ आणि 'सिंगल स्पीड' करू, सध्या तशी फॅशन आहे. मी त्याच्यावर ओरडलो. का ओरडलो ते माझं मलाच कळलं नाही.

आणि खरं सांगायचं तर सायकल चालवायची इच्छाच गेलीय. गेल्या महिन्यात दोनदाच बाहेर काढली. काय करू?

एक वाचक, फुलेवाडी, कोल्हापूर

उत्तर

दादा, तुमचे दीड लाख आहेत तिथंच राहू द्यात. पाडव्याला आपल्याकडं नवी गाडी घ्यायची रीतच आहे, तोवर थांबा. पाडव्यालाही ती सायकल घ्यावीशी वाटली तर खुशाल घ्या, काय बघून घ्यायची तेही पुढं लिहिते. आत्ता मात्र नको. मी तुमचं पत्र तीनदा वाचलं. त्यात 'मंडळी घेताहेत' आहे, 'जुनी झाली' आहे, 'फॅशन आहे' आहे. 'मला ही सायकल आवडलीय' असं एक वाक्य नाही.

जाड टायरच्या बाबतीत तुमचे मित्र आत्ता जे सांगताहेत ते बरोबर आहे. आधी सांगत होते ते चुकीचं होतं, पण तेव्हा सगळं जगच तसं सांगत होतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी शर्यतीतले लोक २३ मिलिमीटरची टायरं वापरायचे आणि त्यात १०० ते १२० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायचे. टायर तपासायचं ते गुळगुळीत लोखंडी ड्रमवर फिरवून, आणि ड्रमवर जितकी हवा जास्त तितकं टायर सुसाट. आपला गगनबावड्याचा रस्ता काही ड्रम नाही. खडबडीत डांबरावर दगडासारखं टायर खड्या-खड्याला उडतं. तो हादरा हँडलमधून मनगटात आणि सीटमधून कमरेत जातो, आणि मांड्यांनी लावलेल्या जोरातला काही जोर नुसतं तुमचं अंग हलवण्यात संपतो. टायर रुंद असलं आणि हवा थोडी कमी असली की ते खड्याला पोटात घेतं आणि सायकल पुढं निघते. हे उमगल्यावर टूर द फ्रान्स या मोठ्या सायकल शर्यतीतली मंडळीसुद्धा २८ आणि त्याहून रुंद टायरांवर आली.

त्यासाठी तुम्हाला नवी सायकल लागत नाही. टायरच्या बाजूला आकडा छापलेला असतो, तुमचं बहुधा २३ किंवा २५ चं असेल. खाली बसा आणि चिमट्याच्या आत, ब्रेकच्या खाली, टायरला दोन्ही बाजूंनी आणि वर किती जागा सुटते ते बघा. मागच्या चाकालाही बघा, कारण तिथं जागा बऱ्याचदा कमी असते. बाजूंनी चार-पाच मिलिमीटर आणि वर त्याहून बऱ्यापैकी जास्त सुटत असतील तर २८ चं टायर बसायला हरकत नाही. ७०-७५ किलोच्या माणसाला त्यात ७५-८० पीएसआय हवा पुष्कळ झाली, पुढच्या चाकात त्याहून पाच कमी. दोन टायरांचा खर्च तुमच्या दीड लाखाच्या पासंगालाही पुरणार नाही. आणि पहिल्याच दिवशी मनगटं तुम्हाला फरक सांगतील.

'उद्या परत बारीक टायर आलं तर' या भीतीबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचंय. सायकलीत गोष्टी फिरून परत येतात हे अगदी खरं आहे, पण कुठल्या परत येतात ते बघा. संध्याकाळी रंकाळ्यावर दोन-अडीच वर्षांची पोरं बिनपायडलच्या छोट्या सायकलीवर जमिनीला पाय मारत पळताना दिसतात. बघणाऱ्या आजी-आजोबांना ते काहीतरी नवीन वाटतं. खरं तर सायकलीची सुरुवातच तिथून झाली. १८१७ साली जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस यांनी जे लाकडी यंत्र केलं त्याला दोन चाकं होती, हँडल होतं आणि पायडल नव्हतं. माणूस असाच पाय मारत जायचा. दोनशे वर्षांनी लोकांच्या परत लक्षात आलं की पोराला तोल शिकवायला याहून सोपी युक्ती नाही.

हवेचं टायरसुद्धा शर्यतीसाठी जन्मलं नाही. बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाच्या तीनचाकीला भरीव रबर होतं आणि दगडी रस्त्यावर पोराला हादरे बसायचे. बापानं रबराची नळी चाकावर बसवून तिच्यात हवा भरली. १८८८ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि पुढच्याच वर्षी तसली टायरं लावलेल्या सायकलीनं बेलफास्टमधल्या शर्यती मारल्या. वेगाचं नंतर कळलं, आधी पोराचं बूड दुखू नये एवढंच होतं.

गिअरची गोष्ट मला त्याहून आवडते. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन इथं पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ होते. रेशमाचा धंदा सोडून सायकलीच्या नादाला लागलेले. त्यांना शर्यत जिंकायची नव्हती, डोंगरातून भटकायचं होतं, आणि डोंगरात एका गिअरवर भागत नाही. म्हणून चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेण्याच्या नाना युक्त्या ते करून बघत होते, त्यावर लिहीत होते, लोकांना पटवत होते. टूर द फ्रान्सच्या संयोजकांना मात्र गिअर बदलणं म्हणजे दुबळ्याचं काम वाटायचं. त्या शर्यतीत चालता चालता गिअर बदलायच्या यंत्राला परवानगी मिळाली ती १९३७ साली. द व्हिव्ही १९३० मध्येच गेले होते. वाघबिळाच्या चढाला तुम्ही बोटानं खटका दाबता ना, त्या खटक्यामागं अशा भटक्या माणसांची खटपट आहे. द व्हिव्ही यांनी सायकलवाल्यांसाठी काही नियमही सांगून ठेवलेत. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, हे तुमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी सांगितलंच असेल. त्यांचा शेवटचा नियम ग्रुपमध्ये कुणी सांगत नाही: मिरवायला म्हणून पायडल मारू नका.

म्हणून मला तुमची भीती फारशी खरी वाटत नाही. रुंद टायर, पोलाद, हलका गिअर, मडगार्ड या सगळ्या गोष्टी अंगाला सुख देणाऱ्या. शर्यतीच्या वेडात त्या बाजूला पडतात आणि माणसं दमली की शोधत परत येतात. तुम्हीही दमलाय, एवढंच झालंय.

आपल्या कोल्हापुरात दोन शब्द रोज कानावर पडतात, नाद आणि ईर्ष्या. कुस्तीचा नाद, फुटबॉलचा नाद, म्हशींचा नाद. ईर्ष्या पेठा-पेठांची, तालमी-तालमींची. मी ईर्ष्येला नावं ठेवणार नाही, तिच्या जोरावर या गावानं पुष्कळ काही उभं केलंय. पण पैलवानसुद्धा चोवीस तास ईर्ष्येवर जगत नाही. मेहनत झाली की तांबड्या मातीत निवांत पडून राहतो, अंगावरची माती वाळू देतो, कुणीतरी पाय चेपून देतं. ती अर्धा तासाची विश्रांती नसेल तर दुसऱ्या दिवशी तो आखाड्यात उतरायचा नाही. तुमच्या सायकलीला ती विश्रांती कधी मिळालीच नाही. पहाटे साडेपाचला ईर्ष्येनं निघायचं आणि घरी येऊन मोबाइलवर परत ईर्ष्याच बघायची. अशानं कुणाचाही नाद उडेल. तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका.

एक महिना असं करून बघा. हँडलवरचं मीटर काढून कपाटात ठेवा. मोबाइल जवळ असू द्या, अडीनडीला लागतो, पण आकडे मोजणारं ॲप बंद. ग्रुपला सांगा की महिनाभर जमणार नाही. त्यांच्याशी वाकडं घ्यायचं कारण नाही आणि सगळं समजावून सांगायचीही गरज नाही.

फुलेवाडीत राहता म्हणजे नशीबवान आहात. बालिंग्याचा पूल ओलांडला की भोगावती मागं पडते आणि ऊस सुरू होतो. पहिल्या रविवारी उजाडल्यावर कसबा बीडला जा. तिथले वीरगळ बघा, ओळीनं उभे दगड, लढाईत पडलेल्या माणसांचे. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत पडलेल्या वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो देवापुढं बसलेला. एका दगडापुढं पाच मिनिटं उभं राहिलात तर त्यातली ढाल, घोडा, तलवार सुटी सुटी दिसायला लागते. येताना गुऱ्हाळावर थांबा, हंगाम आहे. रस्त्यावरूनच चिपाडाच्या धुराचा आणि उकळत्या रसाचा वास येतो. काहिलीत रस चढून आलेला असतो, गुळव्या त्यावरची मळी काढत असतो, आणि एक वेळ अशी येते की बुडबुडे लहान लहान होत सगळा रंगच बदलतो. तेव्हा तो कुणाशी बोलत नाही, नुसता काहिलीकडं बघत असतो. तिथं गरम काकवी मागून घ्या. ग्रुपबरोबर या गुऱ्हाळांवरून तुम्ही शंभरदा गेला असाल, मान खाली घालून.

दुसऱ्या रविवारी पन्हाळा. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, असा वीसेक किलोमीटरचा तोच तुमचा रस्ता. या खेपेला वाघबिळाला उतरा आणि चहा घ्या. पुढचा चढ हलक्यातल्या हलक्या गिअरवर चढा आणि दम किती लावायचा त्याचं माप असं धरा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य मधेच तुटायला लागलं की जोर कमी करायचा. पन्नाशीला आलात म्हणून एक स्पष्ट लिहिते. चढावर छातीत जड वाटलं, हाताला किंवा जबड्याला कळ आली तर तिथंच उतरा आणि लगेच डॉक्टरांना गाठा. 'चढून झाल्यावर बघू' म्हणू नका.

नंतरचे दोन रविवार तुमचे तुम्ही ठरवा. प्रयाग चिखलीचा संगम जवळ आहे. कसबा बावड्याकडून राजाराम बंधारा ओलांडून वडणग्याकडं उतरलं की तासाभराची छान फेरी होते. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा देशभर नावाजला, पण त्याच्यावरून सायकलीनं जाताना दोन्ही बाजूंना पाणी असतं आणि ब्रेक न लावता पार होता येतं, हे सुख त्याच्या वर्णनात कुठं सापडायचं नाही. पावसाळ्यात मात्र बंधाऱ्याकडं फिरकू नका. पाणी वर आलेलं असतं आणि ओढ दिसत नाही.

आणखी एक, आणि हे मनावर घ्या. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांना दोन-दोन ट्रॉल्या असतात आणि कित्येकांना मागं दिवा नसतो. रस्त्यावर पडलेली वाढं आणि उसाची कांडी चाकाखाली गरकन फिरतात. अंधारात निघायची तुमची सवय या दिवसांत सोडा. मागचा लाल लुकलुकता दिवा भर दिवसासुद्धा चालू ठेवा. पुढं ट्रॅक्टर असेल तर मागं रेंगाळा, ट्रॉलीच्या अंगालगत घुसून पुढं काढू नका. ट्रॉली कधी हेलकावा खाईल ते चालवणाऱ्यालाही कळत नाही.

महिन्यानंतर ग्रुपची ओढ राहिलीच तर एखादी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची फेरी, करा. साडेतेरा तास मिळतात, मधे खायला-प्यायला थांबता येतं, आणि वेळेत पोचलेल्यांत पहिला-दुसरा असा नंबर लावत नाहीत. लांब जायची हौस तिथं फिटते.

पाडव्याला नवी घ्यायचीच ठरली तर टायरला ४० मिलिमीटरपर्यंत जागा आहे का बघा. मडगार्ड आणि कॅरिअर लावायला फ्रेमला भोकं आहेत का बघा. पुढचं सगळ्यात लहान चक्र आणि मागचं सगळ्यात मोठं चक्र यांचे दात जवळपास सारखे असावेत, मग पन्हाळ्याला रडवायची नाही. पोलाद की ॲल्युमिनियम यावर झोप उडवून घेऊ नका. पोलादाची गोष्ट एवढीच की मोडलं तर उद्यमनगरात सांधणारा मिळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता आबांच्या सायकलीचं. माळ्यावर चढा आणि तिच्या टायरची बाजू पुसून बघा. २८ × १½ असं लिहिलेलं असेल (चोवीस इंची हे फ्रेमचं माप, टायरचं नव्हे). मिलिमीटरमध्ये ते टायर साधारण ४० भरतं. तुमच्या मित्रांच्या ग्रॅव्हल सायकलींची टायरंही ४० च्या आसपासचीच आहेत. पोलादाची फ्रेम आबांकडं होती. हादरा खाणारा, पुढं झुकलेला लांब चिमटा होता. मडगार्ड, कॅरिअर होतं. डायनॅमो असेल तर तोही परत आलाय. रात्रभर सायकल मारणारी हौशी मंडळी आता पुढच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, बसवलेला डायनॅमो लावतात, कारण त्याला चार्जिंग लागत नाही.

मी मंगळवार पेठेतली. मिलचा भोंगा आम्ही घड्याळासारखा ऐकायचो. पाळी सुटली की कोटीतीर्थाकडून सायकलींचा लोंढा यायचा, काळ्या सगळ्या, हँडलला डबा अडकवलेला, घंटीचा एकच गलका. १९०६ साली शाहू महाराजांनी पाया घातलेली ती मिल २००३ मध्ये बंद झाली. त्या लोंढ्यात तुमचे आबा असणार, आणि मी ओट्यावर उभी राहून त्यांना कधीतरी बघितलंही असेल.

माझे वडील शाळेत शिपाई होते. मी कॉलेजला त्यांच्या काळ्या सायकलीवरून जायची. मैत्रिणींकडं बिनदांडीच्या, लाल-निळ्या लेडीज सायकली होत्या. मी आमची सायकल स्टँडच्या शेवटच्या टोकाला, भिंतीला टेकवून लावायची. एकदा वडील काही कामानं कॉलेजवर आले आणि त्यांनी विचारलं, 'अगं, इतक्या लांब का लावलीस?' मी म्हटलं, 'इथं सावली असते.' १९९८ साली ते गेले. घर आवरताना भंगारवाला आला. त्यानं काटा काढला आणि सायकल उचलून हुकाला अडकवली. वीस किलोच्या आसपास भरली. पुढचं चाक हवेत हळूहळू फिरत होतं आणि मी दारात उभी राहून ते थांबायची वाट बघत होते. त्याला 'थांब' म्हणायला पाहिजे होतं. म्हटलं नाही.

म्हणून तुम्ही पोरावर का ओरडलात ते मला कळतं. ज्या सायकलीची तुम्हाला लाज वाटली तिच्यावर तुमच्या पोराचं मन बसलंय. आबांना ती लाज कधी दिसली असेल का, हा प्रश्न तुमच्या मनात कुठंतरी असणार. पोराला त्याचा पत्ताच नाही. त्याला सांगा. 'तुझ्या वयाचा असताना मला हिची लाज वाटायची' एवढं एक वाक्य बोला, मग मडगार्डचं भांडण निम्मं मिटेल.

आणि पोराला तिची हौस वाटते यात आबांचा अपमान नाही. कॅलिफोर्नियात माउंट टॅम नावाचा डोंगर आहे. त्या डोंगराच्या आसपासच्या पोरांनी सत्तरच्या दशकात तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या, पेपर टाकणाऱ्या मुलांच्या जाड टायरच्या जुनाट सायकली गोळा केल्या आणि त्या घेऊन जवळच्या एका मातीच्या वाटेनं खाली सुटायला लागली. पायडल उलटं दाबलं की लागणारा मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की हबमधलं ग्रीस जळून धूर निघायचा. दर उतारानंतर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या वाटेचं नावच रिपॅक पडलं. १९७६ साली तिथं शर्यती सुरू झाल्या आणि त्यातूनच माउंटन बाइक आली. त्यांच्याकडंही कुणाचा तरी बाप म्हणाला असेल, कशाला ते भंगार बाहेर काढताय!

पोराला सायकल द्या, पण अटी घाला. ग्राइंडर लावायचा नाही. मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर नट-बोल्टवर निघतं. काढलेलं सगळं तेल लावून पोत्यात बांधून माळ्यावर परत ठेवायचं, नट एका डबीत. रंग खुशाल देऊ दे, पिवळा तर पिवळा. पुढच्या नळीवर कंपनीचा बिल्ला असेल तर रंगाआधी तो जपून काढून घ्या. आणि 'सिंगल स्पीड करायची' म्हणजे काय करायचं? आबांची सायकल पहिल्यापासून सिंगल स्पीडच, म्हणजे एकाच गिअरची, आहे. करायचंच असेल तर मागं जास्त दातांचं, २० किंवा २२ चं फ्रीव्हील टाका, चढाला पाय हलके पडतील. फ्रीव्हीलच काढून टाकायचं आणि चाक थेट चेनला जखडायचं, अशीही एक फॅशन आहे. ती वेलोड्रोमच्या, म्हणजे सायकलीच्या गोल धावपट्टीवरच्या, शर्यतीतून आलीय, तिथं उतार नसतो आणि पुढं म्हैसही येत नाही. त्याला स्पष्ट नाही म्हणा.

ब्रेककडं लक्ष द्या. त्या सायकलीला सळीचे ब्रेक असतील आणि रिम चकचकीत क्रोमची. क्रोम भिजलं की रबर धरत नाही, ब्रेक दाबला तरी सायकल जातच राहते. रबरं नवीन घाला, सळ्यांची चाल दोन्हीकडं सारखी करा, आणि पावसात ती बाहेर काढायची नाही हे आधीच ठरवा. क्रँकच्या (पायडलच्या दांड्यांच्या) काटर पिना झिजल्या असतील तर पायडल मारताना टकटक वाजेल, त्या बदला. चाकाचा आउट (डगमग) मात्र जाणत्या कारागिराकडून काढून घ्या.

बाकीचं ओव्हरऑयलिंग दुकानात देऊ नका. एक रविवार मोकळा ठेवा. अंगणात गोणपाट अंथरून सायकल उलटी करा, तुम्ही एका बाजूला, पोरगा दुसऱ्या बाजूला. एक्सलचे कोन सोडले की काळ्या घट्ट ग्रीसमध्ये रुतलेल्या छऱ्या, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, दिसतील. त्या ग्रीसमध्ये आबांचा हात लागलेला असेल, पुसायची घाई करू नका, पोराला आधी दाखवा. मग एकेका बाजूच्या किती निघाल्या ते मोजून कागदावर लिहा आणि ताटलीत रॉकेल नाहीतर डिझेल घेऊन धुवा. धुतलेली छरी बोटावर घेऊन उजेडात फिरवायची. खड्डा दिसला की बाद. कपाला नवं ग्रीस भरून छऱ्या एकेक करून चिकटवत जायच्या, शेवटची बसवताना जागा नाही असं वाटतं, पण ती बसते. कोन आवळताना चाक हातानं फिरवून बघायचं. सोडल्यावर वॉल्व्हच्या वजनानं चाक आपोआप मागं-पुढं झुलत थांबलं की बरोबर बसलं.

नव्या छऱ्या घेताना जुनी एक बरोबर न्या, माप चुकत नाही. आणि मोजून लागतात त्यापेक्षा चार जास्तच घ्या, अंगणात एखादी तरी हरवतेच.